भीती बोलून दाखवा: स्कायडायव्हिंग शिकू इच्छिणाऱ्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

विमानाचे दार उघडल्यावर आत घुसणाऱ्या वाऱ्याचा आवाज इतका मोठा असतो की शेजारी बसलेल्याचे बोलणेही ऐकू येत नाही, आणि नवख्या माणसाला नेमके तेव्हाच काहीतरी विचारायचे असते. माझ्या पहिल्या उडीच्या वेळी मला आठवलेला प्रश्न असा होता: पॅराशूट उघडले पण दोऱ्यांना पीळ पडला, तर तो कोणत्या उंचीपर्यंत सोडवत बसायचे? वर्गात हे शिकवले होते. मला ते नीट कळले नव्हते, पण बाकीचे सगळे मान डोलावत होते, म्हणून मीही मान डोलावली होती.

पुढे मी अभ्यासक्रम पूर्ण करून परवाना मिळवला. मधल्या काळात दोन पातळ्या मला पुन्हा कराव्या लागल्या, आणि दोन्ही वेळा कारण एकच होते. मला काय वाटते आहे ते मी कोणाला सांगितले नव्हते. लपवलेली भीती या खेळात धोका वाढवते, आणि हीच भीती योग्य माणसाला वेळेवर सांगितली तर तो तुमच्याकडे अधिक बारकाईने पाहतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून खालील पायऱ्यांमध्ये साधनांइतकेच सोबतच्या माणसांविषयी लिहिले आहे. नियमांतील आकडे प्रामुख्याने अमेरिकेतील पॅराशूट संघटनेच्या, म्हणजे यूएसपीएच्या, नियमांतील आहेत. तुमच्या केंद्राचे आकडे वेगळे असतील तर तेच प्रमाण मानावेत.

१. कोणत्या मार्गाने उडी मारायची ते ठरवा

टँडम उडीत तुम्ही प्रशिक्षकाच्या हार्नेसला पुढच्या बाजूने जोडलेले असता आणि पॅराशूट त्याच्या पाठीवर असते. एकदाच अनुभव घ्यायचा असेल, किंवा हा खेळ आपल्याला झेपेल का हे पाहायचे असेल, तर हा मार्ग पुरेसा आहे. स्टॅटिक लाइन पद्धतीत तुलनेने कमी उंचीवरून उडी मारली जाते, आणि विमानाला बांधलेल्या दोरीमुळे पॅराशूट आपोआप उघडते.

तिसरा मार्ग एएफएफचा, म्हणजे ‘अ‍ॅक्सिलरेटेड फ्रीफॉल’चा आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी रूढ झालेल्या या पद्धतीत पहिल्याच उडीला पॅराशूट तुमच्या पाठीवर असते आणि ते तुम्हीच उघडायचे असते. सुरुवातीच्या पातळ्यांवर दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी तुम्हाला धरून फ्रीफॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधीच्या मुक्त पडण्यात, सोबत येतात आणि पुढच्या पातळ्यांवर एकच प्रशिक्षक सोबत असतो. यूएसपीएचा पहिला, म्हणजे ए परवाना मिळण्यासाठी किमान २५ उड्या लागतात. या लेखाचा पुढचा भाग प्रामुख्याने याच मार्गाविषयी आहे. एएफएफ करायचे नक्की असले तरी आधी एक टँडम उडी मारावी असे माझे मत आहे, कारण दार उघडल्यावर शरीराचे काय होते याची ओळख त्यात कोणतीही जबाबदारी नसताना होते.

२. नाव नोंदवण्याआधी केंद्रावर एक दिवस नुसते बसून राहा

वारा वाढल्यावर काय होते ते पाहा. यूएसपीएच्या नियमांनुसार विद्यार्थ्यांसाठी वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैल आहे. त्या मर्यादेजवळ आल्यावर विद्यार्थ्यांच्या उड्या थांबवल्या जातात का, आणि थांबवणाऱ्यावर कोणी चिडते का, यावरून केंद्राची रीत कळते. प्रशिक्षकांकडे कोणते मानांकन आहे, राखीव पॅराशूट कोण बांधतो आणि ते शेवटचे कधी बांधले गेले, हे थेट विचारा. अमेरिकेत प्रमाणित रिगरने, म्हणजे पॅराशूट तपासून बांधणाऱ्या तंत्रज्ञाने, दर १८० दिवसांनी राखीव पॅराशूट उघडून, तपासून पुन्हा बांधणे बंधनकारक आहे. या प्रश्नांना कंटाळणाऱ्या केंद्रात शिकू नये.

“काहीही धोका नाही” असे सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवू नये. यूएसपीएच्या नोंदींनुसार २०२३ साली अमेरिकेत ३६ लाखांहून अधिक उड्यांमागे १० मृत्यू झाले, तर १९७० च्या दशकात दरवर्षी सरासरी ४० हून अधिक मृत्यू होत असत. धोका बराच कमी झाला आहे, पण तो शून्यावर आलेला नाही, आणि चांगला प्रशिक्षक हे पहिल्याच तासाला सांगतो.

३. कागदपत्रे, प्रकृती आणि कपडे

सोबत न्यायच्या गोष्टी:

- छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि वयाचा पुरावा. बहुतेक केंद्रांवर १८ वर्षे पूर्ण असावी लागतात
- प्रकृतीविषयीचे घोषणापत्र किंवा डॉक्टरांचे प्रमाणपत्र
- जोखीम मान्य असल्याचे करारपत्र, जे घाईत सही न करता पूर्ण वाचावे
- तुमचा विमा या खेळाला लागू होतो का याचे लेखी उत्तर
- लेस अडकवायचे आकडे नसलेले बंद बूट, कारण अशा आकड्यांत दोऱ्या अडकू शकतात
- उड्यांची नोंदवही, जी बहुधा केंद्रावर मिळते

वजन खरे सांगा, कारण पॅराशूटचा आकार त्यावर ठरतो. सर्दी झाली असेल तर उडी पुढे ढकला. झपाट्याने खाली येताना कानातील दाब मोकळा झाला नाही तर असह्य वेदना होतात आणि कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. स्कूबा डायव्हिंग केले असेल तर किमान २४ तास मध्ये जाऊ द्या. हृदयविकार, फिट, खांदा निखळण्याचा इतिहास यांपैकी काहीही असेल तर ते लपवू नका. निखळणारा खांदा ही बाब अनेकांना क्षुल्लक वाटते, पण फ्रीफॉलमध्ये खांदा निखळला तर त्या हाताने हँडल ओढता येणार नाही.

४. जमिनीवरचे प्रशिक्षण: न कळलेले तिथेच विचारा

पहिल्या उडीआधीचा वर्ग साधारण एका दिवसाचा असतो. त्यात सर्वाधिक वेळ आर्चला दिला जातो, म्हणजे कंबर पुढे ढकलून शरीराची कमान करण्याला. बॅडमिंटनचे फूल कसेही फेकले तरी बूच खाली करूनच पडते, त्याचप्रमाणे कमान केलेले शरीर पोट खाली आणि हातपाय वर अशा स्थितीत आपोआप स्थिरावते. घाबरलेला माणूस अंग आखडतो, गुडघे पोटाशी घेतो आणि त्यामुळे गडगडू लागतो. म्हणून आर्चचा सराव इतका करायचा की भीती वाटल्यावर अंगाने तीच स्थिती घ्यावी.

हातांच्या खुणा याच वर्गात शिकवतात, कारण फ्रीफॉलमध्ये बोललेले ऐकू येत नाही. बहुतेक ठिकाणी दोन बोटे सरळ दाखवली तर पाय लांब करायचे असतात आणि एकटी तर्जनी दाखवली तर पॅराशूट उघडायचे असते. तुमच्या केंद्राच्या खुणा पाठ करा आणि जेवणाच्या सुटीत सोबतच्या विद्यार्थ्याला त्या दाखवायला सांगा. माझ्या तुकडीत आम्ही चौघे होतो. चौघांनाही दोऱ्यांच्या पिळाचा प्रश्न पडला होता आणि चौघेही गप्प बसलो होतो, हे आम्हाला संध्याकाळी कळले. तेव्हापासून वर्गात कोणीतरी प्रश्न विचारला की मला त्याच्याविषयी मनापासून कृतज्ञता वाटते.

५. पाठीवर काय आहे ते समजून घ्या

पाठीवरच्या पिशवीत दोन पॅराशूट असतात, एक मुख्य आणि एक राखीव. मुख्य पॅराशूटमध्ये बिघाड झाला तर ते आधी सोडून द्यावे लागते, नाहीतर राखीव पॅराशूट त्यात गुंतू शकते. सोडण्याच्या या क्रियेला कटअवे म्हणतात. त्यासाठी खांद्यावर प्रत्येक बाजूला एकात एक अडकवलेल्या तीन कड्या असतात. बिल बूथ यांनी १९७० च्या दशकात ही रचना केली. पॅराशूटचा सगळा ताण कडीकडीने कमी होत शेवटी एका लहानशा दोरीच्या फासावर येतो आणि तो फास एका केबलने अडवलेला असतो. हँडल ओढून केबल निघाली की तिन्ही कड्या सुटतात. प्रशिक्षकाला हे तुमच्या डोळ्यांसमोर करून दाखवायला सांगा. त्या कड्या माझ्या बोटांनी एकदा सोडवून पुन्हा अडकवल्यावर माझ्या मनातली एक मोठी शंका दूर झाली होती.

कटअवेचे हँडल बहुधा लाल आणि उजव्या बाजूला असते, तर राखीव पॅराशूटचे बहुधा चांदीच्या रंगाचे आणि डाव्या बाजूला. आधी लाल, मग चांदीचे, हा क्रम झोपेतून उठवून विचारला तरी सांगता यायला हवा. विद्यार्थ्यांच्या साधनात आरएसएल नावाचा पट्टाही असतो, जो मुख्य पॅराशूट सुटताच राखीव पॅराशूट उघडतो.

याशिवाय एएडी हे स्वयंचलित उपकरण असते. जर्मनीतील हेल्मुट क्लोथ यांनी विकसित केलेले सायप्रेस हे उपकरण १९९१ मध्ये आले आणि त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. ठरावीक उंचीखाली तुम्ही अजूनही वेगाने पडत असाल, तर ते राखीव पॅराशूट बंद ठेवणारा फास कापते. अनुभवी उडीबाजांच्या सायप्रेसमध्ये ही उंची सुमारे ७५० फूट असते. पूर्ण वेगात तेवढे अंतर चार-पाच सेकंदांत संपते, म्हणून उपकरण आहे या भरवशावर स्वतः हँडल ओढण्याचा निर्णय कधीही लांबवू नये.

६. तपासणी: आधी स्वतः, मग दुसऱ्याकडून

तपासणी तीन वेळा होते: साधन अंगावर चढवण्याआधी, विमानात बसण्याआधी आणि उडीच्या थोडे आधी विमानात. पायांचे पट्टे, छातीचा पट्टा, तिन्ही कड्या, तिन्ही हँडल, पाठीवरच्या पिना, एएडी सुरू आहे की नाही, अल्टिमीटर (उंची दाखवणारे उपकरण) शून्यावर आहे का, हेल्मेट, गॉगल. पिना स्वतःला दिसत नाहीत, त्यामुळे तिथे दुसऱ्या माणसाची गरज पडतेच.

माझ्या नवव्या उडीआधी आम्ही विमानाकडे निघालो असताना एका ज्येष्ठ स्कायडायव्हर ताईंनी मला थांबवले. त्यांनी काही न बोलता माझ्या छातीच्या पट्ट्याच्या टोकाला बोट लावून हलकेच ओढले आणि पट्टा बकलातून सरकू लागला. पट्टा धातूच्या आडव्या दांडीवरून परत फिरवून घ्यायचा असतो, म्हणजे घर्षणाने तो घट्ट बसतो. मी तो सरळच आरपार घातला होता. टोक व्यवस्थित खोचलेले असल्यामुळे वरवर पाहता काहीच चुकलेले दिसत नव्हते. पॅराशूट उघडतानाच्या झटक्याने तो निघाला असता. ताईंनी माझ्याकडूनच तो पुन्हा घालून घेतला, मग स्वतःचा पट्टा माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, “आता माझा बघ.” हजारभर उड्या मारलेल्या बाईंनी नवव्या उडीच्या मुलीकडून तपासणी करून घेतली, आणि ती करताना मी जितक्या लक्षपूर्वक पाहिले तितके आधी कधीच पाहिले नव्हते.

कोणी तुमची चूक दाखवली तर ओशाळून घाई करू नका. थांबा, दुरुस्त करा आणि सगळी तपासणी पहिल्यापासून पुन्हा करा. मधेच कोणी बोलायला आले तरी हाच नियम पाळावा.

७. विमानातला वेळ

विमानाकडे नेहमी मागच्या बाजूने आणि कोणाच्या तरी सोबत जा, कारण फिरणारा पंखा डोळ्यांना दिसत नाही. आत बसल्यावर सांगितलेल्या उंचीपर्यंत पट्टा बांधलेला ठेवा आणि हलताना हँडल हाताने झाकून घ्या. दाराजवळ एखादे पॅराशूट चुकून उघडले तर विमानातील सर्वांचा जीव धोक्यात येतो.

भीती सर्वाधिक जाणवते ती याच काळात. तोंड कोरडे पडते, बोटे गार होतात, पाठ केलेला क्रम विस्कटतो. सेमूर एपस्टीन आणि वॉल्टर फेन्झ या मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात पॅराशूटने उड्या मारणाऱ्यांचा अभ्यास केला. नवख्यांची भीती दार जवळ येईल तशी वाढत जाते, तर अनुभवी लोकांची भीती आधीच, उडीच्या दिवशी सकाळी, शिगेला पोहोचते आणि दारापर्यंत ओसरू लागते, असे त्यांना आढळले. अनुभवी माणूस घाबरत नाही हा समज त्यामुळे सोडून द्यावा. त्याची भीती घरीच कामाला लागते. तो सकाळी वारा पाहतो, साधन तपासतो, झोप झाली नसेल तर नाव काढून घेतो.

तुम्ही एवढे करू शकता. श्वास सोडायला घेण्यापेक्षा दुप्पट वेळ द्या. डोळे मिटून संपूर्ण उडी हातांच्या हालचालींसह मनात एकदा करा. दर काही हजार फुटांनी अल्टिमीटर पाहा आणि शेजाऱ्याच्या अल्टिमीटरशी ताडून घ्या. प्रशिक्षकाने “कसे वाटते?” असे विचारल्यास नुसती मान डोलावू नका, दहापैकी किती भीती वाटते तो आकडा सांगा. माझ्या पहिल्या उडीला प्रशिक्षकाने ९,००० फुटांवर विचारले, “पॅराशूट कितीला उघडायचे?” उत्तर ५,५०० फूट असे होते. मला ते माहीत होते, पण आवाज फुटेना, म्हणून मी पाच बोटे आणि मग एक वाकवलेले बोट दाखवले. त्याने ती बोटे आपल्या हातात धरून ठेवली आणि सगळा क्रम पुन्हा पहिल्यापासून माझ्याकडून म्हणवून घेतला.

८. दार आणि फ्रीफॉल

आकाशपाळण्यात पोटात गोळा येतो तसे इथे होईल या भीतीने पुष्कळ लोक मागे हटतात. तसे सहसा होत नाही, कारण विमान आधीच वेगाने पुढे जात असते आणि बाहेर पडताच समोरून येणारा वारा तुम्हाला पेलतो. सुमारे दहा-बारा सेकंदांत वेग ताशी १९० ते २०० किलोमीटरपर्यंत पोहोचून स्थिर होतो. तेथून पुढे दर साडेपाच सेकंदांना १,००० फूट संपतात. १३,००० फुटांवरून उडी मारली तर पॅराशूट उघडण्याच्या उंचीपर्यंत तुमच्याकडे जेमतेम पाऊण मिनिट असते.

क्रम असा: आर्च, क्षितिज पाहणे, अल्टिमीटर पाहणे, दोन्ही प्रशिक्षकांकडे पाहणे, हँडलला हात लावण्याचा सराव, पुन्हा अल्टिमीटर. इथला सर्वांत मोठा सापळा असा की माणूस अल्टिमीटरकडे पाहतो पण वाचत नाही. तिसऱ्या पातळीवर माझे तसेच झाले. काटा सहा हजारांच्या खाली गेल्याचे मी पाहिले, प्रशिक्षकाची तर्जनीही पाहिली, आणि तरी माझा हात हलला नाही. पॅराशूट त्यानेच उघडले. आदल्या रात्री मी तीन तासही झोपले नव्हते आणि हे मी सकाळी कोणाला सांगितले नव्हते. आता मी अल्टिमीटर पाहिला की आकडा मोठ्याने म्हणते. कोणाला ऐकू येत नसले तरी म्हणते.

९. पॅराशूट उघडल्यावर

झटका बसतो आणि मग अचानक शांतता पसरते. त्या शांततेत हायसे वाटून स्वस्थ बसू नका. वर पाहा आणि तीन गोष्टी तपासा: आकार पूर्ण आणि चौकोनी आहे का, उड्डाण स्थिर आहे का, दोन्ही बाजूंना वळते आणि ब्रेक लागतात का.

दोऱ्यांना पीळ असेल तर रायझर, म्हणजे हार्नेसला दोऱ्यांशी जोडणारे खांद्यावरचे पट्टे, बाहेरच्या बाजूला ताणून, पायांनी झोका घेत उलट दिशेला फिरावे. आता माझ्या त्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. विद्यार्थ्यांसाठी निर्णयाची उंची २,५०० फूट आहे. तोवर पॅराशूट उतरण्यायोग्य झाले नसेल तर लाल हँडल पाहून धरा, चांदीचे हँडल पाहा, मग लाल ओढा, चांदीचे ओढा आणि आर्च करा. “आणखी थोडा प्रयत्न करून बघू” हा विचार त्या उंचीवर जीवघेणा आहे. १,००० फुटांखाली कटअवे करू नये.

१०. उतरणे

गेल्या काही दशकांत गंभीर अपघातांचा मोठा भाग व्यवस्थित उघडलेल्या पॅराशूटखाली, उतरताना घडलेला आहे. यामागे बहुतेक वेळा जमिनीजवळ घेतलेले वळण असते. वळताना पॅराशूट झपाट्याने उंची गमावते.

उतरण्याचा मार्ग साधारणतः १,००० फुटांवर वाऱ्याच्या दिशेने, ६०० फुटांवर आडवा आणि ३०० फुटांवर वाऱ्याच्या समोर असा असतो. तुमच्या खाली असलेल्या पॅराशूटला आधी वाट द्यायची असते. रेडिओवर सूचना मिळतील, पण रेडिओ बंद पडेल असे गृहीत धरूनच आपला आराखडा आखून ठेवा. ठरवलेल्या जागी पोहोचता येत नसेल तर दुसरी मोकळी जागा लवकर निवडा. लांब चालत यावे लागले तरी हरकत नाही.

जमिनीपासून दहा-बारा फुटांवर दोन्ही हात एकत्र खाली ओढून फ्लेअर करायचा. तो चुकून उंचावर झाला तर हात पुन्हा वर सोडू नका, आहेत तिथे धरून ठेवा आणि पाय जोडून, गुडघे किंचित वाकवून लोळण घ्यायला तयार राहा. उभे राहून उतरण्याच्या हट्टापायी अनेकांचे घोटे मोडले आहेत.

११. उडीनंतर

पॅराशूट गोळा करा, परत आल्याचे केंद्रावर कळवा आणि प्रशिक्षकासमोर उडी जशी आठवते तशी सांगा. त्याने दाखवलेले चित्रण नंतर पाहा. आठवण आणि चित्रण यांतील फरकातून भीतीने आपली कोणती सेकंदे गिळली ते कळते. नोंदवहीत तेही लिहा.

पातळी पुन्हा करावी लागली तर ती सामान्य बाब आहे. संध्याकाळी पॅराशूट घडी करणाऱ्यांजवळ जाऊन बसा आणि मदतीला हात लावा. दोऱ्या सरळ कशा ठेवतात, स्लायडर (पॅराशूट हळूहळू उघडावे म्हणून दोऱ्यांवरून सरकणारा कापडी तुकडा) कुठे येतो हे तिथे शिकायला मिळते, शिवाय कोणाची कोणती उडी कशी बिघडली होती हेही कानावर पडते. माझ्या ओळखीचे बहुतेक लोक असेच जोडले गेले. अनुभवी मंडळींनी स्वतःच्या चुका नवख्यांसमोर सांगणे ही या खेळातली मला सर्वांत प्रिय गोष्ट आहे. मात्र जोडीला एक सावधगिरी हवी. ही मंडळी प्रेमाने एखाद्या मोठ्या समूह-उडीत बोलावतील किंवा लहान, वेगवान पॅराशूट वापरून पाहा म्हणतील, तेव्हा आधी आपल्या प्रशिक्षकाला विचारा.

१२. उडी न मारता परत यायचे असेल तर

दारापर्यंत पोहोचल्यावरही नाही म्हणता येते. एएफएफमध्ये प्रशिक्षक तुम्हाला ढकलत नाही, तुमच्या होकाराची वाट पाहतो. दार उघडे असताना बोलणे ऐकू येणार नाही, म्हणून मान स्पष्टपणे आडवी हलवा, दारापासून दूर सरका आणि आपल्या जागी बसा. विद्यार्थ्यांचे एएडी तुलनेने कमी वेगावरही सुरू होत असल्यामुळे विमान झपाट्याने खाली आले तर ते विमानातच राखीव पॅराशूट उघडू शकते. त्यामुळे आत कोणी उरले आहे हे वैमानिकाला कळलेले असणे आवश्यक आहे, म्हणजे तो सावकाश उतरेल. उपकरण बंद करायचे की नाही ते प्रशिक्षक ठरवील. पट्टा बांधा, हँडल झाकून धरा आणि चाके टेकून विमान पूर्ण थांबेपर्यंत जागेवरून उठू नका. खाली आल्यावर त्या दिवसाची नोंदही वहीत करा: वारा, ढग, झोप, आणि परत येण्याचे तुमचे कारण, आणि ती नोंद त्याच संध्याकाळी प्रशिक्षकाला वाचायला द्या.